ट्रेलरवर गाडी टाकून देशाबाहेर इव्हेंटला: ठाणे-नवी मुंबईच्या नवख्यांसाठी

रॅली असो, ऑफरोड चॅलेंज असो नाहीतर जुन्या गाड्यांचं प्रदर्शन, गाडी देशाबाहेर न्यायचं ठरलं की आपल्याकडे पहिली चर्चा सस्पेन्शन आणि टायरवर सुरू होते. ते सगळं होईल हो, गॅरेजवाला आहे की. अडतं ते कागदांवर. कस्टम्सला तुमच्या स्टेज टायमिंगशी काही देणंघेणं नसतं, त्यांना एवढंच बघायचं असतं की जी गाडी गेली तीच परत आली, मधे कुठे विकली नाही. ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की पुढे कोण कशासाठी काय मागतंय ते आपोआप कळत जातं.

चार महिने आधी लागा कामाला. दोन महिन्यांत होतं असं सांगणारे भेटतील, त्यांची गाडी बहुतेक कंपनीच्या नावावर असते आणि पळापळ करायला ऑफिसचा माणूस असतो.

कुठे जायचंय, त्यावर सगळं

नेपाळ असेल तर मामला बराच सोपा. आपल्या नंबर प्लेटच्या गाडीला कार्नेट (ड्यूटी न भरता गाडी तात्पुरती आत नेण्याची हमीची पुस्तिका, पुढे सविस्तर येतंय) वगैरे लागत नाही, बॉर्डरवर भन्सार भरायचा, म्हणजे तिथल्या कस्टम्सची दिवसाच्या हिशोबाची फी, आणि यातायातचं, म्हणजे तिथल्या वाहतूक खात्याचं, परमिट घ्यायचं. किती दिवस राहणार ते आत जातानाच सांगून पैसे भरायचे, एखादा दिवस जास्तीचा धरा, कारण उशीर झाला तर दंड लागतो. वर्षात मिळून ३० दिवसांपर्यंतच भारतीय गाडी तिथे ठेवता येते, तेव्हा रेकीला, म्हणजे रस्ता आधी बघून यायला, एकदा आणि इव्हेंटला एकदा जाणार असाल तर दोन्ही जोडून मोजा.

ट्रेलरवाल्यांनी एक लक्षात ठेवा. भाड्याच्या फ्लॅटबेडचं नॅशनल परमिट भारतापुरतंच असतं. ठाण्याहून नाशिक, धुळे, इंदूर करत नेपाळ बॉर्डरवरचं सुनौली म्हणजे दीड हजार किलोमीटरच्या वर, तिथपर्यंत गाडी ट्रेलरवर न्या आणि बॉर्डरच्या अलीकडे उतरवून स्वतः चालवत पलीकडे जा. गाडी रस्त्यावर चालण्यालायक आणि कागदाने धड असेल तर ट्रकसकट पलीकडे जाण्याच्या भानगडीत पडूच नका. ट्रकचे कागद वेगळे, ट्रकवरच्या गाडीचे वेगळे, ड्रायव्हरचे वेगळे, आणि तिन्ही वेगवेगळ्या खिडक्यांवर.

दुबई, श्रीलंका, ऑस्ट्रेलिया, आफ्रिकेतले बरेच देश, इथे गाडी समुद्रमार्गे जाणार आणि कार्नेट लागणार. अमेरिकेत मात्र ते कार्नेट चालत नाही, तिथला मार्ग एटीए कार्नेटचा, म्हणजे तात्पुरत्या नेलेल्या मालासाठीच्या कार्नेटचा, ते भारतात फिक्की ही उद्योगांची संघटना देते, शिवाय तिथल्या पर्यावरण आणि वाहतूक खात्यांचे फॉर्म वेगळे भरावे लागतात. विंटेजवाले जास्त करून तिकडे जातात, २०१८ साली पेबल बीचच्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात राजेरजवाड्यांच्या गाड्यांचा खास क्लासच होता. पण जुनी गाडी बाहेर न्यायची तर डीजीएफटीचे, म्हणजे सरकारच्या परदेश व्यापार महासंचालनालयाचे, निर्यातीचे नियम सगळ्यात आधी बघा, बाकीचं नंतर. इथून पुढे मी मुख्यतः समुद्रमार्गाचंच लिहितोय, कारण प्रश्न त्याचेच जास्त येतात.

आरसी आणि गाडी समोरासमोर ठेवा

हे काम घरच्या घरी, पार्किंगमध्ये, एका रविवारी सकाळी करायचं. आरसी हातात घ्या आणि गाडीवरचे नंबर एकेक करून वाचा. चेसिस नंबर, इंजिन नंबर, रंग, सीट किती. आता इव्हेंटवाल्या गाड्यांची गंमत अशी की निम्म्या गाड्यांत इंजिन दुसरंच असतं. जिप्सी घेतली, मूळ इंजिन दमलं, कुठूनतरी दुसरं आणून बसवलं, गाडी मस्त पळतेय आणि आरसीवर अजून जुनाच नंबर. इथे चालून जातं, कस्टम्सचा माणूस बॅटरी घेऊन बोनेटमध्ये वाकला की नाही चालत. त्याच्या दृष्टीने ती वेगळी गाडी. इंजिन बदललं असेल तर आधी आरटीओत आरसीवर नोंद करून घ्या. एमएच ०४ वाल्यांना ठाणे, एमएच ४३ ला वाशी, एमएच ४६ ला पनवेल. जुने ई-चलान थकलेले असतील तर तेही भरून टाका, नाहीतर आरटीओतलं काम तिथेच लटकतं.

चेसिस नंबरचं थोडं सविस्तर सांगतो. चिखलात खेळणाऱ्या गाडीत नंबर जिथे कोरलेला असतो तिथे मातीचा थर, त्याखाली गंज, आणि त्यावर कोणीतरी प्रेमाने मारलेला काळा अंडरबॉडी पेंट. तिथे ग्राइंडर किंवा वायर ब्रशचा कप अजिबात लावायचा नाही, अक्षरं घासली गेली की नंबर छेडछाड केल्यासारखा दिसतो आणि मग समजावत बसा. रॉकेल नाहीतर पेंट रिमूव्हर लावून फडक्याने सोडवायचा, जुना टूथब्रश चालतो, मग पांढरा खडू घासून वरवर पुसलं की आकडे उठून दिसतात. आरटीओत एजंट घेतात तशी टेप लावून पेन्सिलने प्रिंट काढून ठेवा, दोन-तीन कॉप्या. फोटो पण काढा, जवळून एक आणि गाडीत तो नंबर नेमका कुठे आहे ते कळेल असा लांबून एक.

लोन चालू असेल तर बँकेची एनओसी लागणार, आणि बँकेला 'गाडी देशाबाहेर' हे दोन शब्द ऐकून घाम फुटतो, म्हणून तिचं पत्र पहिल्याच आठवड्यात मागा. गाडी भावाच्या किंवा मित्राच्या नावावर असेल तर त्याचं नोटराइज केलेलं अधिकारपत्र. पासपोर्ट, आरसी, कार्नेट आणि जहाजाची बिल ऑफ लेडिंग (माल चढवल्याची पावती), चारही ठिकाणी नाव अक्षरशः सारखं हवं. आरसीवर वडिलांचं पूर्ण नाव आणि पासपोर्टवर नुसतं आडनाव, असलं काही असेल तर कार्नेटचा अर्ज भरायच्या आधी विचारून घ्या.

कार्नेट म्हणजे काय आणि ते कसं वापरायचं

पूर्ण नाव कार्ने द पासाज आँ दुआन, आपण सीपीडी म्हणू. गाडीची ड्यूटी न भरता तात्पुरती आत घेण्यासाठीचा हा कागद, १९५४ च्या न्यूयॉर्क कस्टम्स करारातून आलेला. गाडी परत गेली नाही तर तुमची ड्यूटी आम्ही भरू, अशी हमी ऑटोमोबाइल असोसिएशन त्या देशाला देते. आपल्या जवळची म्हणजे वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन, चर्चगेटला. ठाण्याहून दादरला उतरून वेस्टर्न पकडायची, नवी मुंबईवाल्यांनी सीएसएमटीला उतरून टॅक्सी.

असोसिएशन हमी देते म्हणजे ती तुमच्याकडून सिक्युरिटी घेते, बँक गॅरंटी किंवा डिपॉझिट. रक्कम गाडीची किंमत आणि कोणत्या देशात जाणार त्यावर ठरते, काही देशांत ड्यूटीच इतकी असते की रक्कम गाडीच्या किमतीच्या वर जाते. हा पैसा परत मिळतो, पण काही महिने अडकून राहतो, तेव्हा बजेट मांडताना एंट्री फी आणि टायरच्या आधी ही ओळ लिहा. गाडीची किंमत फुगवून सांगायची नाही, खूप पाडूनही नाही.

पुस्तिका एक वर्ष चालते. प्रत्येक पानाचे तीन भाग: आत जाताना कस्टम्स एक भाग फाडून ठेवतं, बाहेर पडताना दुसरा, आणि तिसरा तुमच्याकडे राहतो, त्याच्यावर आत आल्याचा आणि बाहेर गेल्याचा असे दोन्ही शिक्के लागतात. तो बाहेर गेल्याचा शिक्का म्हणजे तुमचं डिपॉझिट. शिक्का बसला, तारीख वाचता येतेय, सही आहे, हे काउंटरवरच उभं राहून बघायचं, मागे रांग कितीही ओरडू दे. समजा राहिलाच, तर पुस्तिकेत मागे गाडी कुठे आहे याचा दाखला भरायची सोय असते, परत आल्यावर इथल्या कस्टम्सकडून तो भरून घेता येतो, पण तो फार कटकटीचा मार्ग आहे.

आता स्पेअर. गाडीत बसवलेल्या वस्तू कार्नेटवर लिहिता येतात, स्टेपनी, म्युझिक सिस्टिम, विंच, जादा लाइट. पण सुटं इंजिन, गिअरबॉक्स, शॉकअब्जॉर्बरचे दोन सेट, हे माल म्हणून वेगळं जाणार. त्यासाठी एटीए कार्नेट तिथे चालतं का ते विचारा, नाहीतर तात्पुरत्या निर्यातीची कागदपत्रं. आणि जे वापरून संपणार, म्हणजे ऑइल, ब्रेक पॅड, झिजून फेकायचे टायर, ते परत येणाऱ्या यादीत टाकायचंच नाही. ते तिथे विकत घ्या. आपल्याकडून स्वस्तात नेलेल्या आठ टायरपैकी पाच परत आले तर तीन कुठे गेले याचं उत्तर द्यावं लागतं, आणि फाटले हे उत्तर ऐकायला कोणी उत्सुक नसतं.

गाडी इव्हेंटमध्ये आडवी झाली, पेटली, चेसिस वाकली, तरी हिशोब संपत नाही. उरलेला सांगाडा परत आणायचा, नाहीतर तिथल्या कस्टम्सच्या देखरेखीखाली नष्ट करायचा, नाहीतर ड्यूटी भरायची. अपघात झाला की आधी माणसं, मग लगेच फोटो आणि पोलिस रिपोर्ट, आणि चेसिस नंबरवाला तुकडा कुठल्याही परिस्थितीत भंगारात जाऊ द्यायचा नाही.

इन्शुरन्स, लायसन्स

आपली मोटर पॉलिसी भारतापुरती. नेपाळ, भूतान, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका, मालदीव एवढ्यांसाठी जादा प्रीमियम भरून हद्द वाढवून मिळते, पण गाडी जहाजावर असतानाचं नुकसान त्यात धरत नाहीत, त्याला मरीन ट्रान्झिट इन्शुरन्स वेगळा. बाकी देशांत तिथला थर्ड पार्टी विकत घ्यायचा. शिवाय नेहमीच्या पॉलिसीत शर्यत, स्पीड टेस्ट, रिलायबिलिटी ट्रायल वगळलेलं असतं. एजंट म्हणेल "सब कव्हर है साहेब", त्याला ते ईमेलवर लिहून द्यायला सांगा, मग बघा कसा हळू आवाजात बोलायला लागतो.

इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट आरटीओकडून, एक वर्षाचं. सर्व्हिस क्रूमधला जो कोणी गाडी हलवणार त्याचंही काढा. गाडीच्या मागे पांढऱ्या अंडाकृती स्टिकरवर काळ्या रोमन अक्षरांत देशाचं चिन्ह लावायचं. स्पर्धेसाठी एफएमएससीआयचं, म्हणजे आपल्या देशातल्या मोटरस्पोर्ट संघटनेचं, लायसन्स आणि परदेशातल्या इव्हेंटला भाग घ्यायची त्यांची परवानगी, आयोजक मागतातच.

ठाण्यातून न्हावा शेवापर्यंत

स्वतःच्या एसयूव्हीमागे ट्रेलर ओढायची हौस मी समजू शकतो, पण मोटर वाहन कायद्यात ट्रेलर हे वेगळं वाहन आहे, त्याचं स्वतःचं रजिस्ट्रेशन हवं. वेल्डिंगवाल्याकडून बनवून घेतलेला बिननंबरी ट्रेलर फार्महाऊसवर ठीक, हायवेवर नको. सरळ फ्लॅटबेड घ्या. टोचन करून नेणाऱ्याला देऊ नका, पुढची चाकं उचलून मागची घासत नेणारा तर अजिबात नको.

गाडी चढवताना ड्रायव्हर घाई करेल, करू द्या. बेल्ट शक्यतो चाकांवरून घ्या, म्हणजे गाडी स्वतःच्या सस्पेन्शनवर हलत राहते आणि चाकं जागची हलत नाहीत. चेसिसला हुक मारून करकचून ओढलं की पहिल्या मोठ्या खड्ड्यात सस्पेन्शन दबतं, बेल्ट सैल पडतो, हुक निसटतो. आपल्याकडे खड्डे शोधायला लांब जावं लागत नाही, घोडबंदर रोड आहेच. चारही चाकांना चार रॅचेट बेल्ट, पुढे-मागे लाकडी ओंडके, गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला. वीसेक किलोमीटरवर थांबून पुन्हा आवळायचे, नवा बेल्ट पहिल्यांदा हमखास ढिला पडतो. अजून एक बारीक गोष्ट: वर चढवलेल्या गाडीच्या काचेवरचा फास्टॅग ॲल्युमिनियम फॉइलने झाकून टाका. नाहीतर टोलनाक्यावर ट्रकचा टॅग कटतोच आणि तुमचाही कधीकधी कटतो, मग बसा तक्रार करत.

रस्ता म्हणाल तर मुंब्रा बायपासवरून कळंबोली आणि पुढे जेएनपीटी रोड. ठाण्यात जड वाहनांना दिवसाच्या ठराविक तासांत बंदी असते आणि बायपासवर कामं निघाली की सगळं वळवतात, म्हणून रात्री निघा आणि त्या आठवड्यातली ट्रॅफिक पोलिसांची सूचना आधी बघा. गणपतीच्या दिवसांत बुकिंग शक्यतो ठेवूच नका, पनवेलच्या बाजूला काय होतं ते सगळ्यांना माहितीये. गाडी कंपनीच्या नावावर असेल तर ई-वे बिलाचं सीएला विचारा, स्वतःची असेल तर आरसी आणि कुठून कुठे, कशासाठी चाललीय हे लिहिलेलं साधं सही केलेलं पत्र ड्रायव्हरच्या हातात द्या.

कंटेनर

सीएचए, म्हणजे कस्टम्सचं काम करून देणारा एजंट, असा शोधा ज्याने आधी कार्नेटवर गाडी पाठवलीय. मशिनरी आणि कांदा पाठवणारे भरपूर आहेत, कार्नेटची पुस्तिका हातात धरलेले कमी. पहिल्या फोनवरच विचारा की पुस्तिकेवर शिक्का कोणत्या टप्प्याला आणि कुठे घेता. उत्तर द्यायला अडखळला तर थँक्यू म्हणून ठेवून द्या.

वीस फुटी कंटेनर आतून ५.९ मीटर लांब, २.३५ मीटर रुंद, दरवाजाची उंची २.२८ मीटरच्या आसपास. जिप्सी आरामात बसते. फॉर्च्युनरही बसते, पण दोन्ही बाजूंना मिळून जेमतेम अर्धा मीटर उरतो, म्हणजे आत गेल्यावर दरवाजा उघडत नाही आणि चालवणाऱ्याला सीट पाडून डिकीतून सरपटत बाहेर यावं लागतं. त्यामुळे हे काम टीममधल्या बारीक माणसाला द्या, आणि गाडी आत घालताना डिकी सामानाने भरलेली ठेवू नका. रूफ कॅरिअर काढा, आरसे मिटवा. टाकीत इंधन पावपेक्षा कमी, बॅटरीची वायर सोडून टेप गुंडाळलेली, जेरीकॅन पूर्ण रिकामे आणि उघडे ठेवून सुकवलेले. स्प्रेचे डबे, सुटे फायर एक्स्टिंग्विशर, नायट्रसची बाटली, यातलं काहीही शिपिंग लाइनला न सांगता आत टाकायचं नाही.

गाडी द्रोणागिरीच्या बाजूच्या एखाद्या सीएफएसमध्ये (कंटेनर भरायच्या यार्डात) भरली जाईल. तिथे स्वतः हजर राहा, उन्हात उभं राहायची तयारी ठेवून. ठोकायला वापरलेल्या लाकडावर ट्रीटमेंटचा शिक्का आहे ना बघा, नाहीतर पलीकडे लाकडावरून कंटेनर अडतो. २०१६ पासून कंटेनरचं प्रमाणित वजन द्यावं लागतं, तेव्हा भरून झाल्यावर अजून एक टूलबॉक्स सरकवू असं चालत नाही. सील लागलं की त्याचा नंबर आणि कंटेनरचा नंबर एकाच फोटोत घ्या.

ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडला जाणार असाल तर गाडीखालची माती हा सगळ्यात मोठा प्रश्न आहे. त्यांचे बायोसिक्युरिटीवाले चेसिसच्या पोकळीतली, रेडिएटरच्या जाळीतली, कार्पेटखालची माती आणि गवताचं बी शोधतात. मडगार्डच्या आतलं लायनर काढून धुवा, नुसता वॉशिंग सेंटरचा फोम उपयोगाचा नाही. दुबईला जाणार असाल तर माती चालेल, पण क्रूच्या बॅगेत आईने दिलेले अनारसे नकोत, तिथे खसखशीवर बंदी आहे. कोडीनवालं खोकल्याचं औषध किंवा ट्रामाडॉलही आधी परवानगी घेतल्याशिवाय नको. आणि तिथून सॅटेलाइट फोन स्वस्त मिळतो म्हणून आणू नका, आपल्याकडे विनापरवाना ठेवणं गुन्हा आहे.

पलीकडे आणि परत

थेट जहाज असेल तर समुद्रातले दिवस थोडेच असतात, वेळ जातो तो दोन्ही बंदरांत. इव्हेंटच्या स्क्रुटिनीच्या (गाडीच्या तपासणीच्या) किमान दहा दिवस आधी गाडी हातात येईल असं धरा. सुट्ट्या बघा: यूएईत २०२२ पासून सरकारी सुट्टी शनिवार-रविवार आणि शुक्रवारी अर्धा दिवस, श्रीलंकेत दर पौर्णिमेला पोयाची सुट्टी. कंटेनर ठराविक दिवसच फुकट उभा राहतो, त्यानंतर डिटेन्शन (कंटेनर अडवून ठेवल्याचा आकार) आणि ग्राउंड रेंट (जागेचं भाडं) सुरू, आणि तो आकडा डॉलरमध्ये येतो.

तिथल्या बंदरावरून इव्हेंटच्या गावाला पुन्हा ट्रेलर लागेल, तो आयोजकांना सांगून आधीच बुक करा. आत आल्याचा शिक्का पुस्तिकेवर बसल्याशिवाय गाडी त्या ट्रेलरवर चढवायची नाही. त्या ट्रेलरने पुढे दुसऱ्या देशाची बॉर्डर ओलांडणार असाल तर पहिल्या देशाचा बाहेर पडल्याचा शिक्का आणि दुसऱ्याचा आत आल्याचा, दोन वेगळी पानं. रात्री ड्रायव्हर एकटाच जातो म्हणाला तर नाही म्हणा, पुस्तिका तुमच्या हातात आणि तुम्ही ट्रेलरमध्ये. कस्टम्सला चेसिस नंबर बघायचा असेल तर ट्रेलरवर चढून बघता येईल अशा बेताने गाडी उभी करा, नाहीतर भर रात्री पट्टे सोडून गाडी उतरवायला लागेल.

परतीचं बुकिंग जातानाच करा. इव्हेंट संपला की सगळ्यांना एकाच आठवड्यात कंटेनर हवा असतो आणि टीमचे पैसेही तोवर संपलेले असतात. न्हावा शेवाला गाडी उतरली की परत आल्याची नोंद पुस्तिकेवर करून घ्या, मग ती चर्चगेटला नेऊन द्या आणि पोचपावती मागा. डिपॉझिट सुटायला वेळ लागतो, दर पंधरा दिवसांनी एक सभ्य ईमेल टाकत राहा.